देवाची पालखी आणि गावाचा ठराव

फाल्गुन लागला की कोकणातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एक असते मुंबईहून सुटणाऱ्या शिमग्याच्या जादा गाड्यांची. दुसरी असते कुठल्या तरी वाडीत पालखीवरून झालेल्या वादाची. अमुक घर वाळीत आहे, त्या घरी पालखी न्यायची नाही असं गावकीचं म्हणणं आहे, घरच्यांनी तक्रार दिली आहे, पोलिसांनी दोन्ही बाजूंना समज दिली आहे. बातमी चार ओळींत आटोपते. पुढच्या वर्षी गावाचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. एरवी धर्मावर घसा कोरडा करणारे पुढारी या बातमीवर चकार शब्द काढत नाहीत, कारण गावकीची मतं गठ्ठ्याने पडतात आणि वाळीत पडलेल्या घरात मतं असतात चार किंवा पाच. मला मात्र धर्माविषयी आज छापून येणाऱ्या सगळ्या बातम्यांमध्ये ही बातमी सर्वांत गंभीर वाटते.

माझं घर गुरवाचं. दापोली तालुक्यातल्या एका गावात आमच्या भावकीत ग्रामदेवतेच्या पूजेची पाळी फिरते. ती आमच्या घरात आली की पहाटे देवीला पाणी घालायचं, सांजवात करायची, शिमग्यात रुपं उजळायची, ही कामं माझी. नोकरी हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या घराबद्दल लिहिणार आहे त्या घराला याच गावात पुढेही राहायचं आहे.

गावाला माणूस वाळीत टाकता येतो का, हा कायद्याचा प्रश्न आणि कायद्याने त्याचं उत्तर दिलेलं आहे. गावाला देव अडवता येतो का, हा प्रश्न धर्माचा. त्याचं उत्तर न्यायालयाने द्यायचं नसून देवापुढे हात जोडणाऱ्यांनी द्यायचं आहे, आणि नेमकं तेच आपण टाळत आलो आहोत.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमची ग्रामदेवता वर्षभर देवळात असते. शिमग्यात तिची रुपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, पेटीतून निघतात. चिंचेच्या कोळाने ते उजळायचे, फडक्याने कोरडे करायचे, मग पालखीत बसवून नवी वस्त्रं नेसवायची. याला आम्ही रुपं लावणं म्हणतो. होम लागला की पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, येते आणि तिथून वाडीवाडीतून, घराघरातून फिरते. अंगण सारवलेलं असतं, पाट मांडलेला असतो. घरची बाई देवीची ओटी भरते, आणि घरात वर्षभरात जे काही झालं, पोराची नोकरी, म्हातारीचं दुखणं, रखडलेलं लग्न, ते सगळं गाऱ्हाण्यात घालून देवीला ऐकवलं जातं.

आता याचा अर्थ काय, हे बघा. एरवी देवळाच्या पायऱ्या माणसाने चढायच्या. ज्याचे गुडघे गेले, जो अंथरुणाला खिळला, जी बाळंतीण आहे, जो कर्जाने किंवा लाजेने चारचौघांत येत नाही, त्याला देव दिसत नाही. पालखी निघते ती यांच्यासाठी. वर्षातले काही दिवस देवता आपलं घर सोडून लेकरांच्या घरी जाते, त्यात सवड-सोयीचा, लायकीचा हिशेब नसतो. जो देवळापर्यंत पोचू शकत नाही त्याच्यापर्यंत देवाने जायचं, हा या विधीचा गाभा. म्हणून एखादं घर गाळून पुढे गेलेल्या पालखीला मी अर्धवट विधी म्हणणार नाही. तिच्या निघण्याचं कारणच तिथे मोडलेलं असतं.

हे मी ओट्यावर बसून पाहिलं आहे. त्या वर्षी पूजेची पाळी आमच्याकडे नव्हती आणि मी वाळीत पडलेल्या घरी बसलो होतो. त्या घराचा मुलगा माझा विद्यार्थी. त्याच्या वडिलांचा गुन्हा असा, की ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करायची असं गावकीने ठरवलेलं असताना त्यांनी प्रभागातून फॉर्म भरला आणि मागे घेतला नाही. ते पडले. पडल्यावर तरी विषय संपायला हवा होता. पण देवळात बैठक झाली, गावाचा शब्द मोडला म्हणून दंड ठरला, त्यांनी दंड भरायला नकार दिला आणि घर वाळीत गेलं. पहिली खूण आली ती मोबाइलवर: गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बापलेकांना काढलं. मग लावणीला कोणी जोड्याला येईना. मग शेजारणीने विरजण मागणं थांबवलं. हे सगळं त्या बाईने सोसलं. पण शिमग्याच्या त्या दुपारी ती दारात उभी होती. अंगण सारवून, रांगोळी घालून, पाटावर नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू मांडून. येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरीही मांडलं होतं. ढोलाचा आवाज पाणंदीतून वर येत गेला, शेजारच्या अंगणात पालखी टेकली, गाऱ्हाणं झालं, आणि मग खांदेकऱ्यांनी या घरासमोरचा गडगा इतक्या झपाट्याने ओलांडला की पालखीचा गोंडा हेलकावत राहिला. त्यातले दोघे माझ्याच वर्गात शिकलेले. दोघांनी मान वर केली नाही. बाईने ओटीचं ताट उचललं, पालखी गेली त्या दिशेला तोंड करून उंबऱ्यावर ठेवलं आणि तिथूनच हात जोडले.

मी तिला विचारलं, की वहिनी, राग नाही आला? ती म्हणाली, देवीवर कसा येईल, तिला काय माहिती?

तिच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. श्रद्धेने तिने गावकीपेक्षा देवीला मोठं ठेवलं होतं. खांद्यावरून नेली जाणारी देवी आणि नेणारे खांदे तिने वेगळे ओळखले. गावातल्या जाणत्या म्हणवणाऱ्या पुरुषांना जे साधलं नाही ते तिला साधलं.

आता गुरव म्हणून मला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे देवीला कौल लावतात. ओल्या कळ्या देवीच्या अंगावर लावायच्या, प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि कोणत्या बाजूची कळी आधी पडते ते बघायचं. विहीर कुठे खणू, पोरीचं स्थळ करू की नको, घराचा पाया यंदा घालू का, हरवलेलं जनावर कोणत्या दिशेला गेलं, पालखी कोणत्या दिवशी बाहेर काढायची, इथपर्यंत सगळं देवीला विचारून होतं. माझ्या वडिलांनी कौल लावले, मी लावले. पण एखादं घर वाळीत टाकावं का, असा प्रश्न घेऊन गावकी गाभाऱ्यासमोर आलेली माझ्या वडिलांनी कधी पाहिली नाही आणि मीही पाहिली नाही. विहिरीच्या जागेसाठी देवीचा शब्द लागतो आणि माणूस तोडायला लागत नाही? हा निर्णय देवळाच्या आवारात होतो, देवीच्या समोर होतो, देवीच्या नावाने दंड वसूल होतो, पण देवीला तो कोणी विचारत नाही. म्हणजे तो देवीचा नाही, हे गावकीलाही आतून ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल, उद्या विचारला आणि कळी उजवी पडली तर? सरळ उत्तर देतो: मी तो कौल लावणार नाही. माझे वडील काही प्रश्न परत पाठवायचे. शेजाऱ्याचं वाईट व्हावं म्हणून आलेला प्रश्न ते देवीच्या कानावर घालत नसत. मागणं कसलं आहे यावर ते कौल लावायचा की नाही हे ठरवत, आणि ती गुरवाची जबाबदारी मानत. ज्या प्रश्नातच दुसऱ्याचं पाणी तोडणं आहे, तो देवापुढे मांडण्याजोगा प्रश्न नाही.

गावकीची बाजू मी हलक्यात घेत नाही. तिला शिव्या घालणं शहरात बसून सोपं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे आंब्याफणसांची, पोफळींची झाडं आडवी झाली, कौलं उडाली, वीज गेली ती पुष्कळ दिवस आली नाही. सरकारी यंत्रणा पोचायच्या आधी गावकीची पोरं कोयते, करवती घेऊन रस्त्यावर होती. लालबाग-परळच्या खोल्यांत भाडं वाटून राहणाऱ्या आमच्या माणसांनी पैसे गोळा करून पत्रे पाठवले. पाणंद गावकीने बांधली, देऊळ गावकीने उभं केलं, मयताला लाकडं गावकी जमवते. जिथे सरकार उशिरा येतं तिथे गावकी हेच सरकार असतं. म्हणूनच तिच्या बहिष्काराला एवढी धार येते. मुंबईच्या इमारतीत शेजारी बोलला नाही तर बिघडत नाही. आमच्याकडे कोणी बोललं नाही तर शेत पडीक राहतं आणि प्रेताला चौथा खांदा मिळत नाही.

गावकी म्हणते, शिस्त नको का? शब्द मोडणाऱ्याला काहीच केलं नाही तर गाव एक कसं राहील? हा प्रश्न खरा आहे, आणि तो फक्त कोकणाचा नाही. त्यावर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, आणि तो सुरू झाला आपल्याच मुंबई राज्यातल्या एका कायद्यावरून.

1949 साली बाळासाहेब खेर मुंबईचे मुख्यमंत्री असताना बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा झाला. खेर मूळचे रत्नागिरीचे. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. माणसाला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार हा आमच्या धर्माचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. 9 जानेवारी 1962 ला चार विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. धर्माची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करणं हा धार्मिक व्यवहाराच्या व्यवस्थापनाचा भाग आहे आणि संविधानाचा 26 वा अनुच्छेद त्याला संरक्षण देतो, असं बहुमताने म्हटलं. वेगळं मत दिलं ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि अस्पृश्यता संविधानाने 17 व्या अनुच्छेदाने संपवली आहे, असा त्यांचा रोख होता. सुधारक बोहरांनी, त्यांत असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या विद्वानांनी, नंतर वर्षानुवर्षं बहिष्कार सोसला. 1986 मध्ये या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून याचिका झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न शबरीमलाच्या निमित्ताने नेमलेल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला.

माझं मत सिन्हांच्या बाजूने आहे. पण बहुमताच्या म्हणण्यात एक कण खरा आहे आणि तो टाकून देऊन चालणार नाही. श्रद्धेच्या समूहाला 'हा आमचा आचार नाही' एवढं म्हणण्याचा हक्क असायलाच हवा. माळ घालून मांस खाणाऱ्याला फडकऱ्याने कीर्तनाला उभं केलं नाही तर तो अन्याय नाही. दीक्षा मोडणाऱ्याला मठाने मठाधिपती करू नये. आमच्याकडे गाऱ्हाणं कोणी घालायचं, पहिला नारळ कोणाचा, पालखीचा पुढचा दांडा कोणी धरायचा, हे मान आहेत आणि ते गावाने द्यायचे, गावाने काढून घ्यायचे. निवडणुकीत शब्द मोडला म्हणून त्या गृहस्थांचा मान गावाने काढला असता तर मला वाईट वाटलं असतं, पण हा लेख मी लिहिला नसता.

मानाची गोष्ट मानापाशी संपली पाहिजे. बैठकीतली जागा काढणारा समूह माणसाची विहीर, त्याचं दुकान, त्याच्या मुलीचं लग्न, त्याच्या आईची चिता आणि त्याच्या दारातला देव काढून घेऊ लागला की तो शिस्त लावत नसतो. तिथे त्याने माणसाला जगण्याबाहेर ढकललेलं असतं. शिक्षा धर्माची असेल तर ती धर्माच्या व्यवहारापुरती असते. पोटाला आणि मरणाला भिडणाऱ्या शिक्षेला मी धर्माची शिक्षा मानत नाही, ती कोणत्याही धर्माने दिलेली असो. बोहरा माणसाला आपल्या माणसांशेजारी दफन मिळू न देणं आणि आमच्या वाडीत सरणाला लाकडं न देणं, यांत मला काही फरक दिसत नाही.

मग पालखीचं काय? ती तर धर्माचीच गोष्ट आहे, तेव्हा ती रोखायचा हक्क गावकीला नको का? इथे मला देवस्थानाचा कायदा आठवतो. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तिच्या नावाने जमीन असते, ती दावा लावू शकते. पण ती अज्ञान मुलासारखी धरलेली आहे, तिचा कारभार दुसऱ्या कोणी तिच्या हितासाठी पाहायचा असतो. सातबाऱ्यावर देवीचं नाव आणि खाली वहिवाटदाराचं. मानकरी, खोत, गावकार, आम्ही गुरव, सगळे त्या दुसऱ्या ओळीतले. इंग्रजी न्यायालयांनी हा विचार पक्का करण्याच्या कितीतरी आधीपासून आमचे लोक मालक म्हणून देवीचंच नाव सांगत आले आहेत. मग ज्याची मालकी नाही त्याने मालकिणीला कोणाच्या घरी जायचं आणि कोणाच्या नाही हे कोणत्या अधिकाराने ठरवायचं? वहिवाटदाराने देवीची जमीन परस्पर विकली तर आम्ही त्याला चोर म्हणतो. देवीची कृपा परस्पर अडवणाऱ्याला काय म्हणायचं?

देवाच्या नावाने माणसाचं राजकारण किती पुढे जातं याचं उदाहरण फक्त कोकणात नाही. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोलीचा पैसा देवळासाठी होता. चांगलं देऊळ व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण त्या देवळात ज्याच्याकडे बोली लावायला पैसे नाहीत त्या माणसाचं मत गाडलेलं असेल. बिनविरोधाचा दंड आणि पदाचा लिलाव मला एकाच घरातले वाटतात. दोन्हीकडे मतपेटीपुढे देवाला उभं केलं जातं, म्हणजे कोणी तोंड उघडणार नाही.

महाराष्ट्राला वाळीत टाकण्याचा इतिहास जुना आहे आणि त्याच्याकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. परंपरा सांगते की संन्यास सोडून संसारात परतले म्हणून विठ्ठलपंतांचं घर आळंदीत बहिष्कृत झालं, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. त्या घरातल्या मुलाने ज्ञानेश्वरीच्या शेवटी सगळ्या जगासाठी मागणं मागितलं. आज शाळेच्या प्रार्थनेत ते म्हणतात, पालखीच्या आधी आमच्या देवळातही म्हणतात. ज्यांना वाळीत टाकलं गेलं त्यांच्या तोंडून महाराष्ट्राचा धर्म बोलला. ज्यांनी टाकलं त्यांची नावं कोणी पाठ केली नाहीत. हे ज्या गावाला माहीत आहे त्याने पसायदान म्हणून झाल्यावर घर गाळून पालखी पुढे न्यायची, हे मला कसं समजून घेता येईल?

बहिष्काराची भीती किती खोल जाते हे मोठ्या माणसांच्या चरित्रातही दिसतं. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा झाला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं आणि शेवटी न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांनाही प्रायश्चित्ताचा विषय चुकला नाही. हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ शकणारा माणूस आणि सरकारला न भिणारा माणूस, दोघांनाही जातीच्या दाराशी थबकावं लागलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1919 मध्ये ग्रामण्यांचा आख्खा इतिहासच लिहिला. मग सातवीपर्यंत शिकलेला, दोन गुंठे भाताचा धनी असलेला आमच्या वाडीचा माणूस एकट्याने किती टिकणार?

सगळ्यांत स्पष्ट पाहिलं ते बाबासाहेब आंबेडकरांनी. महाड आमच्यापासून लांब नाही. 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्यानंतर गावोगाव दलित कुटुंबांवर बहिष्कार आला. मुंबई सरकारने नेमलेल्या ज्या समितीत बाबासाहेब सदस्य होते तिने 1930 च्या अहवालात सांगितलं, की मारहाणीपेक्षाही सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचं अधिक परिणामकारक हत्यार आहे. 1947 मध्ये संविधानसभेच्या कामासाठी त्यांनी केलेल्या निवेदनात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी कलमं होती. संविधानात ती तशी आली नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म स्वीकारल्यावर कोकणातल्या अनेक बौद्धवाड्यांनी शिमग्यातली जुनी कामं सोडली, त्याचाही सूड काही गावांनी पाणी आणि मजुरी तोडून घेतला. धर्मातून स्वतः निघून जाणं हा माणसाचा हक्क आहे. निघून गेलेल्याला रस्ता, पाणी आणि काम मिळालंच पाहिजे. आणि ज्याला जायचं नाही, ज्याला याच देवीची ओटी भरायची आहे, त्याला कोणी काढू शकत नाही. या दोन हक्कांपैकी एक मान्य करून दुसरा नाकारणाऱ्याला माणसाच्या श्रद्धेची किंमत कळलेली नाही.

कायदा शेवटी आला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 मध्ये जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम सुरू केली, त्याच वर्षीच्या 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला, मोहीम त्यांच्या कार्यकर्त्यांनी चालू ठेवली. 13 एप्रिल 2016 ला विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2017 च्या जुलैत तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूजास्थान, स्मशान, मंगलकार्य, धंदा, यांतून कोणाला तोडणं गुन्हा. त्यासाठी बैठक भरवणंही गुन्हा. ज्या कुटुंबाविषयी लिहिलं ते पोलीस ठाण्यात गेलं होतं. गावातलं गावात मिटवा, असं त्यांना तिथे सांगण्यात आलं. मिटवायचं कोणाशी? ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्याशीच. कायद्यात तडजोडीला वाव आहे तो पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने, ठाण्याच्या बाकड्यावर नाही. हे ठाण्यातल्या प्रत्येक हवालदाराला माहीत असायला हवं आणि ते तसं नाही.

तरीही माझी भिस्त कायद्यापेक्षा दुसऱ्या ठिकाणी आहे. कायद्याच्या भीतीने पालखी अंगणात टेकेल, पण ती पोलिसांच्या गाडीमागून आलेली पालखी असेल. मला ती देवीच्या इच्छेने यायला हवी आहे. आणि देवीची इच्छा प्रत्यक्ष चालते ती खांदेकऱ्यांच्या पायांनी. पालखीचे दांडे धरणारी पोरं पंचवीस-तिशीची आहेत. नालासोपारा, विरार, दिव्याला राहतात, कंपनीत कामं करतात, ट्रेनमध्ये कोणाच्या खांद्याला खांदा लागतो हे विचारत नाहीत. गावात आल्यावर मात्र जाणत्यांच्या डोळ्याकडे बघून पाय उचलतात.

त्या पोरांना माझं सांगणं आहे. फाल्गुन यायच्या आधी मुंबईच्या खोलीवर आपल्या गावच्या मंडळाची सभा होते. तिथे तुम्ही बसता, वर्गणी देता, मत देता. त्या सभेत उभं राहून एकच गोष्ट मागा: पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाईल, आणि कोणत्याही वादाचा, दंडाचा, निवडणुकीचा विषय पालखीशी जोडला जाणार नाही. हे लिहून घ्या, सचिवाची सही घ्या, देवळात लावा. मंडळाने नाकारलं तर यंदा दांडा धरू नका. गावात दुसरे खांदे फार नाहीत, हे जाणत्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आणि आमच्या गुरव भावकीला विनंती: ज्या वर्षी एखादं घर वाळीत असेल त्या वर्षी रुपं लावू नका. पेटीची किल्ली आपल्याकडे असते.